वरातीसाठी पासिंजरचं इंजिन

पाण्याचा टँकर म्हणजे माझ्या हातचा मळ. पत्रा वळवायचा, दोन्ही तोंडांना झाकणं बसवायची, शिवण मारायची, खाली चाकं जोडायची. आदिलाबादहून जैनथकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॉल्या, टँकर, फाटकं, जे म्हणाल ते होतं. त्यामुळे पोराचं लग्न ठरलं आणि माझा बा म्हणाला, "नातवाची वरात इंजिनावर काढाची," तेव्हा मी काही फार विचार केला नाही. म्हटलं, त्यात काय एवढं? टँकरला पुढं धुरांडं लावू, काळा रंग मारू, झालं इंजिन.

बा खाटेवर उठून बसला. "टँकरले पोट असते, बॉयलरले छाती असते. तुले ट्रॉल्याच जमतात, लेका. राहू दे."

बा रेल्वेत, छोट्या लाईनीवर होता. मुदखेडहून किनवटवरून आदिलाबादला येणाऱ्या पासिंजरवर आधी कोळसा टाकायला आणि नंतर ड्रायव्हर. वाफेची इंजिनं गेली, मग ती लाईनही गेली आणि मोठी आली, पण बाच्या तोंडी इंजिन म्हणजे अजून वाफेचंच. डिझेलच्या इंजिनाला तो डबा म्हणतो. आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. गुडघे गेलेत, एका डोळ्याला नीट दिसत नाही, जीभ मात्र ठणठणीत आहे. मी फटकळ आहे असं गावात म्हणतात ना, त्यांनी माझ्या बाला ऐकलेलं नाही.

वरात कुठून काढायची हेही त्यानं त्याच दमात सांगून टाकलं. "येशीतून. चावडीवरून. मारुतीपुढून. मंग घरी."

त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाच्या पार टोकाला, आणि मोठा रस्ता येशीतून चावडीवरून जातो. बाचं लग्न झालं तेव्हा त्याला रेल्वेत नुकतं कोळशावर घेतलं होतं. अंगात रग होती. त्यानं नवरीला आणायला बैलांची सजवलेली दमणी केली आणि ती येशीतून आत घातली. चावडीच्या ओट्यावर बसलेल्यांनी दमणी थांबवली. "खाली उतर अन् पायी चाल," म्हणाले. बा उतरला. माझी माय पण उतरली आणि हळदीच्या पायांनी घरापर्यंत चालत आली. हे मला मायनं सांगितलं, तेही एकदाच. बानं या जन्मात यावर एक शब्द काढलेला नाही. माझ्या लग्नाच्या वेळी वरात निघालीच नाही, आदिलाबादलाच सगळं उरकलं. राहिला हा एकुलता एक नातू.

आता गावात कोणी कोणाला अडवत नाही, हे खरं आहे. आमच्या वस्तीतल्या वराती त्याच रस्त्यानं डीजे लावून जातात आणि चावडीवरची पोरं त्यात नाचतात. पण बाची वरात अजून तिथंच उभी होती. माय गेली, तरी उभी होती. म्हणून मी मुकाट्यानं कामाला लागलो.

पोरगा मंडल ऑफिसात क्लार्क आहे. त्याला उघडी जीप पाहिजे होती. "बाबा, दोस्त हसतील ना," असं तो एकदा म्हणाला. त्याच्या आईनं त्याला असं काही झापलं की पुन्हा त्यानं तोंड उघडलं नाही.

बाची खाट दुकानात आणली, कडुनिंबाखाली. तिथून त्याचं सुरू झालं. मी मोबाईलवर इंजिनांचे फोटो काढून दाखवले. एका इंजिनाला पुढं दोन्हीकडं कानासारखे उभे पत्रे होते. मला फार आवडले, रुबाब होता. बानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "हे धूर वर उडवाले असतात, ड्रायव्हरच्या डोळ्यात जाऊ नये म्हनून. आमच्या इंजिनाले कान नव्हते. आमी धूर खाल्ला. लावू नको." संपला विषय.

चाकांवरून तर आमची जुंपलीच. मी मधे एकसारखी छोटी चाकं लावणार होतो, ट्रॉलीची माझ्याकडं पडलेलीच होती. "मालगाडी बनवून राह्यला का?" बा ओरडला. "मालगाडीच्या इंजिनाचे चाकं लहान राह्यतात. त्याले ओढाचं असते. पासिंजरले पळाचं असते, मोठं चाक पाह्यजे. येका फेऱ्यात किती भुई मागं पडते, ते पाह्य." मग पुढं दोन जोड्या लहान चाकं, मधे तीन जोड्या मोठी, आणि मागं एक जोडी लहान, अशी त्यानं काठीनं धुळीत ओळ काढून दिली. मी विचारलं, पुढं लहान चाकं कायले पाहिजेत, उगाच काम वाढते. तर म्हणाला, वळणावर आधी तीच वळतात आणि मोठ्या इंजिनाला बोट धरून नेतात. पळणाऱ्या गाडीचं पुढचं चाक मोठं असलं, तर वळणावर ती रूळ सोडते.

हे ऐकून माझं डोकं चाललं. खरं वजन पेलणारी रबरी चाकं मी पुढं आणि मागं, त्या लहान चाकांच्या आडच लपवली, आणि पुढच्या जोडीला जुन्या जीपचं स्टेअरिंग जोडलं. म्हणजे बोट धरून नेणारी चाकं खरंच बोट धरून नेणार. बाला सांगितलं तर तो हसला. "जमलं," म्हणाला. माझ्या आजवरच्या कुठल्याही कामाला तो एवढंही बोललेला नाही, म्हणून सांगतो.

मधली मोठी चाकं दिखाऊ. फाटकाला लावतो ती पट्टी वळवून गोल केले, त्याला आरे जोडले. तीनपैकी मधली जोडी जमिनीला टेकून फिरणार, पुढची आणि मागची बोटभर अधांतरी राहणार, आणि तिन्ही चाकांना बाहेरून जोडणारा जो लांब दांडा असतो, ज्याला बा रॉड म्हणतो, तो मधल्या चाकाचं फिरणं बाकी दोघांना देणार. खऱ्या इंजिनालाही जोर एका चाकाला मिळतो आणि रॉडनं तो सगळ्यांत वाटला जातो. चाकाच्या एका बाजूला, रॉड ज्या पिनेवर अडकवतात तिच्या बरोब्बर समोर, चंद्रकोरीसारखा एक भरीव तुकडा असतो. मला वाटलं नक्षी आहे. बा म्हणाला, रॉडचं वजन एकीकडं येतं, ते तोलायला दुसरीकडं भार. नाही तर इंजिन पळताना रुळावर घण घालतं. मी तोही तुकडा बसवला. एवढं झाल्यावर मला त्या कामाची गोडीच लागली, खोटं कशाला सांगू? दुकानातल्या ट्रॉल्यांची गिऱ्हाईकं खोळंबली. त्यांना मी वाटेल ते सांगून परत पाठवत होतो.

बॉयलर टँकरच्या पत्र्याचाच केला, पण बाच्या म्हणण्याप्रमाणे मागे जाडसर आणि पुढं निमुळता. वर दोन टोपडी. एक वाफेचं, कारण वाफ वर चढते आणि सगळ्यात कोरडी वाफ सगळ्यात उंच जागी मिळते. दुसऱ्यात रेती, चाक घसरायला लागलं की नळीनं रुळावर सोडायला. "बायको जशी डबा उंच ठेवते अन् चूल खाली, तसं हाय सगळं. उगाच कायच नाही इंजिनावर," असं बा म्हणाला. एक गोष्ट त्यानं सांगितली ती तर मला इतकी आवडली की मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली. काम करून झालेली वाफ फेकून देत नाहीत, धुरांड्यातून वर सोडतात. ती जाताना आगीची हवा ओढून घेते. म्हणजे इंजिन जितकं जोरात पळेल तितकी त्याची आग आपोआप पेटत जाते. वा रे डोकं! कोणी लावलं असेल?

रंगावरून पोराच्या दोस्तांनी घोळ घातला. त्यांना निळं इंजिन पाहिजे होतं. बा म्हणाला, "इंजिन काळंच. झेंडा निळा लावा, कितीबी मोठा लावा." तसंच केलं. ट्रॅक्टर पुढं लावायचा नाही हे तर ठरलेलंच होतं, ट्रॅक्टरनं ओढलेलं इंजिन पाहून गावानं दात काढले असते. ट्रॅक्टर मागं घेतला, त्याच्याभोवती पत्रे ठोकून टेंडर, म्हणजे इंजिनामागची कोळशाची गाडी, केला, आणि तो मागून ढकलणार. धुरांड्याखाली ओला कडुनिंब आणि कापसाची पऱ्हाटी जाळायची. शिट्टीला हवेचा कॉम्प्रेसर आणि पितळी नळी. शिट्टी वाजली तेव्हा बानं डोळे मिटले. "आवाज पातळ हाय," म्हणाला, पण पुन्हा वाजवायला लावली.

लग्न भीमपूरकडे, मुलीच्या गावी झालं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर वऱ्हाड परत आलं आणि येशीबाहेर उभ्या केलेल्या इंजिनापाशी थांबलं. नवरानवरी टेंडरच्या पुढं फळीवर, झेंडूच्या माळांत. मी स्टेअरिंगवर. बाला मी आणि पोरानं उचलून ड्रायव्हरच्या जागी बसवलं. खिडकीबाहेर डोकं काढून, बॉयलरच्या कडेनं पुढं पाहत तो असा बसला की मला त्याचे जुने दिवस न पाहताही दिसले. डोक्याला रुमाल बांधला होता. पोराचे दोस्त, जे हसणार होते, तेच सगळ्यात आधी फोटो काढायला धावले. नवरीला मजा वाटत होती. "आजोबा, शिट्टी मी वाजवू?" असं तिनं विचारलं आणि बानं दोरी तिच्या हातात दिली. तेवढ्यानं तिनं म्हाताऱ्याला जिंकलं.

येशीतून आत शिरलो. पुढं डीजे होता, धूर निघत होता, शिट्टी वाजत होती, रॉड खालीवर होत होते, लोक घरांतून बाहेर येत होते. बायका पोरं कडेवर घेऊन दाखवत होत्या. माझी छाती फुगली होती. बा नुसता पुढं पाहत होता.

आणि चावडीसमोर खाडकन आवाज झाला.

इंजिन थांबलं. मी उडी मारून खाली गेलो. डावीकडचा रॉड वाकून चाकात अडकला होता. पुढचं अधांतरी चाक उलटं फिरायला गेलं होतं आणि बाकीचं सुलटं. उजवीकडं जाऊन पाहिलं तर तिकडंही तीच गत. मला काही उमजेना. दुकानात तर सुरळीत फिरलं होतं, पण तिथं मी ते हातानं फिरवलं होतं, बेतानं.

"काय झालं?" बा वरून ओरडला.

मी सांगितलं.

"पिना कशा ठोकल्या तू? डावी कशी, उजवी कशी?"

"सारख्या. येकाच फर्म्यावर. काऊन?"

बानं कपाळावर हात मारून घेतला. "सारख्या? अबे येड्या, सारख्या नसतात! येक बाजूची पिन आडवी असली का दुसऱ्या बाजूची उभी पाह्यजे. येक बाजू अडली का दुसरी तिले ढकलते. दोनी येकाच टायमाले अडल्या तं ढकलन कोन? तुवा बाप?"

पटलं. पिना आणि रॉड एका रेषेत आले की चाक उलटंही फिरू शकतं आणि सुलटंही, आणि माझ्या दोन्ही बाजू एकाच वेळी तिथं येत होत्या. आम्ही ट्रॉलीवाले. डावं चाक तसं उजवं, डावी कडी तशी उजवी, एका फर्म्यावर दोन्ही कापायची आणि जोडी सारखी करायची, हेच हाताला वळण. जोडी मुद्दाम वेगळी ठेवायची हे कोणाच्या स्वप्नात येईल? "मंग सांगतलं काऊन नाही?" मीही तापलो. "म्हैनाभर खाटेवर बसून कानाची गोष्ट सांगितली, टोपड्याची सांगितली!"

"मले काय मालूम तू असं करशीन! अन् खाटीवरून मले येकच बाजू दिसे." हे म्हणताना त्याचा आवाज जरा खाली आला. "इंजिनाच्या दोनी बाजू कोनालेच संगं दिसत नाहीत, बाबू."

लोक जमले. पोरगा फळीवरून उठला, एक पाय खाली टाकत म्हणाला, "बाबा, थांबा, मी येतो मदतीला."

"खाली उतरू नको!"

बा इतक्या जोरात ओरडला की डीजेवाल्यानं गाणं बंद केलं. "बस तिथंच. अन् तिलेबी उतरू देऊ नको. कोनी उतराचं नाही."

पोरानं पाय वर घेतला. नवरी घाबरून आमच्याकडं पाहू लागली. मी चाकाखाली आडवा झालो होतो. तिथून मला चावडीचा ओटा दिसत होता. त्यावर खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता, पाटलाच्या घरचा, बाच्याच वयाचा. त्या दिवशी, दमणीच्या दिवशी, तो या ओट्यावर होता की नाही, मला माहीत नाही. मायनं नावं सांगितली नव्हती. तो काठी टेकत उठला आणि इंजिनाजवळ आला. हात जोडले.

"ड्रायव्हरसाहेब, जय भीम. पोरं दुरुस्त करतीन तवर खाली या. खुर्चीवर बसा सावलीत. च्या घेऊ."

मनापासून म्हणाला तो, आवाजातच कळत होतं. मी पाना हातात धरून थांबलो.

"जय भीम," बा म्हणाला. "नाही उतरत. च्या वरच द्या."

म्हाताऱ्यानं मान वर करून बाच्या तोंडाकडं बघितलं. मग तो मागं वळला, चहा मागवला, आणि ज्या पोरानं आणला त्याच्या हातून कप घेऊन स्वतः पायरीवर एक पाय ठेवून वर दिला. बशीत थोडा सांडला. बानं दोन्ही हातांनी घेतला. नवरानवरीलाही वरच गेला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, सरळ कानात गेलं. पडल्या पडल्या रडणं किती गैरसोयीचं असतं! पुसायला हात मोकळे नव्हते, ग्रीसनं माखलेले होते.

पिना ठोकून काढल्या, दोन्हीकडचे रॉड सोडवले. म्हटलं, "बा, आता पुढचं अन् मागचं चाक फिरणार नाही. मधलं तेवढं फिरन."

"खऱ्या इंजिनाचाबी रॉड मोडला तं काढूनच घरी आनतात," बा म्हणाला. "चाल." अर्धा चहा त्यानं तसाच ठेवला होता. जागच्या जागी सारखा हलत होता, मांडी बदलत होता. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

पोरांनी थोडा धक्का दिला, ट्रॅक्टरनं जोर लावला, आणि आम्ही चावडीवरून निघालो. डीजे पुन्हा सुरू झाला. मारुतीपुढून गेलो. नवरीनं लांब शिट्टी दिली. बानं मागं वळून पाहिलं नाही. रस्ता वळला, चावडी दिसेनाशी झाली, आणि त्याच क्षणी बानं माझ्या खांद्यावर चापट मारली.

"थांबव! थांबव! उतरव मले!"

मी घाबरलो. म्हटलं, गेला म्हातारा, ताण सोसला नाही. पोरगा धावत आला, आम्ही दोघांनी त्याला झेलून खाली घेतलं. तो आमचे हात झटकून, भिंतीला धरत धरत, कापसाच्या गंजीमागं गेला. खूप वेळ आला नाही. मग आवाजावरून कळलं.

परत आला तेव्हा पायजम्याची नाडी बांधत होता. पायजमा एका बाजूनं ओला झाला होता.

"कवापासून लागली होती?" मी विचारलं.

"येशीपासून."

"मंग तिथं एवढा वेळ गाडी उभी होती ना, बा! चावडीमागंच तं मुतारी हाय. दोघांनी धरून नेलं असतं तुमाले. तो मानूस हात जोडून म्हनत होता, उतरा म्हनून!"

बानं नाडीची गाठ आवळली आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी पुन्हा दोन्ही पिना सारख्या ठोकल्या.

"तिथं कसा उतरू, लेका?" तो म्हणाला. "पुन्यांदा?"